आधी नाक, मग तोंड

माधो,

तेरवीला लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले ते ऐकायला तू हवा होतास. माधोराव दानी होते, माधोराव देवमाणूस होते, माधोरावांनी शाळेच्या बाकांना फुकट सागवान दिलं. सगळं खरं. पण तू व्हिस्कीचा शौकीन होतास हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. अख्ख्या बालाघाटला ठाऊक असलेली गोष्ट आणि मांडवात तिचं नावही नाही. मी भात कालवत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. शेजारी बसलेल्या आपल्या डॉक्टरांनाही बहुतेक तेच झालं होतं, कारण ते पानाकडेच बघत होते.

म्हणून म्हटलं, मीच बोलतो. मी बोलावं हीसुद्धा गंमतच, कारण मी उभ्या जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही. पण तुझ्या व्हिस्कीबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुला होतं, आणि तू तर गेलास.

छप्पन साली पावसाळा संपला आणि दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. मी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो, आणि आपला जिल्हा नागपूरपासून तुटून भोपाळला जोडला गेला. कचेरीतले कितीतरी मराठी कारकून बिऱ्हाडं बांधून निघाले. त्याच हंगामात खाणीवरचा इंग्रज साहेबही निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. तू गेलास सागवानी कपाट घ्यायला आणि आलास व्हिस्कीच्या बाटल्यांचं लाकडी खोकं घेऊन. ते खोकं तू स्टेशनजवळच्या तुझ्या लाकूड डेपोत, शेडमध्ये, थेट मातीवर ठेवलंस. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य वाळवीशी भांडण्यात गेलं त्यानं हे करावं. वाळवीनं खोकं खाल्लं, आतलं गवत खाल्लं आणि बाटल्यांवरची लेबलंही चाटूनपुसून खाल्ली. काचेला धक्का नाही, बुचं जागच्या जागी, पण कुठली बाटली कसली हे सांगायला एक अक्षर उरलं नाही.

मी त्या दिवशी प्रयोगशाळेच्या फळ्यांसाठी लाकूड बघायला आलो होतो. शाळेत मी विज्ञान शिकवायचो, एवढीच तुझी-माझी ओळख. तू शेडमध्ये बाटल्यांसमोर उकिडवा बसला होतास. मोहाची पहिल्या धारेची दारू जशी तळहातावर चोळून हुंगतात तशी तू साहेबाची व्हिस्की चोळून हुंगत होतास, आणि तुझा चेहरा रडवेला झाला होता.

"मास्तर, नाक चालते काय तुमचं?" तू विचारलंस.

"मी पीत नाही," मी म्हणालो. दीक्षा ताजी होती, आवाजही जरा ताठ लागला असेल.

"पी कोन म्हनून राह्यलं तुमाले? वास घ्या अन् सांगा."

मी बसलो. पहिली हुंगली आणि माझं डोकंच मागं गेलं. आमच्या प्रयोगशाळेतलं टिंचर, आणि त्याखाली पावसात विझलेल्या शेकोटीची ओली राख. दुसरीत वाळलं गवत, मध आणि पिकल्या पेरूची साल. तिसरी पुन्हा पहिलीसारखी, पण राख कमी. मी बोलत गेलो आणि तू बाटल्या इकडच्या तिकडे सरकवत गेलास. मग तू शेवटची बाटली उचललीस. तिच्या पोटावर तुझा अंगठा घट्ट दाबलेला होता, ते मला तेव्हा कळलं नाही. मी तळहात नाकाशी नेला आणि तसाच थांबलो. माधो, मला ते आजही नीट सांगता येत नाही. चुलीच्या आरावर भाजलेलं मक्याचं कणीस होतं. गुळाची कढई खरवडताना येतो तो वास होता. कोऱ्या लाकडाला आतून चटका दिलेला होता. समुद्रापलीकडून आलेल्या त्या पाण्यात माझ्या आईची चूल कशी काय होती?

"मका," मी म्हणालो. "यात मका आहे."

तू अंगठा उचललास. त्याच्याखाली वाळवीच्या तोंडून सुटलेला लेबलाचा एक तुकडा होता, आणि त्यावर कणीस छापलेलं होतं. तू कणसाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. तू बोललास तेव्हा 'तुम्ही' गेलं होतं.

"काय नाक आहे बे तुझं," तू म्हणालास.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हिला बर्बन म्हणतात. अमेरिकेतली, मक्याची, आतून जाळलेल्या नव्या पिंपात मुरवलेली. त्यांनी ते कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. तू मान डोलावलीस, जणू काही तुला हे आधीच ठाऊक होतं.

तिथून आपले रविवार सुरू झाले. दुपारची जेवणं झाली की चिरलेल्या सागाच्या थप्प्यांमागं आपण चौघं: तू, डॉक्टर, पांडे ओव्हरसियर आणि मी. खोकं संपल्यावर कुणी जबलपूरच्या मिलिटरी कँटीनमधून बाटली आणायचं, कुणी कलकत्त्याहून. खाणीवर पाहणीला आलेल्या एका अमेरिकनाला तू तुझी जीप दिलीस आणि बदल्यात दुसरी बर्बन मिळवलीस. मळीपासून केलेली आपली इकडची व्हिस्कीही असायची, आणि लामता गावाकडची मोहाचीही. नियम तुझे. चाखण्यापूर्वी पान-तंबाखू बंद. लाई-चण्याला निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. पाणी फक्त डेपोतल्या विहिरीचं, तेही चमच्यानं. नदीचं पाणी घातलं की व्हिस्की आंघोळ करून आल्यासारखी लागते, असं तुझं म्हणणं होतं. आणि गिलास एकच. साहेबाच्या खोक्यातून निघालेला तो जाड बुडाचा गिलास. "दुसऱ्या गिलासात वास बदलते," तू म्हणायचास. "तुलना कराची तं भांडं एकच पाह्यजे." तो गिलास आधी माझ्याकडे यायचा. मी हुंगायचो, काय वाटलं ते सांगायचो, मग तो फिरायचा आणि तुम्ही तिघं त्यातूनच एकेक घोट घ्यायचात. आधी नाक, मग तोंड.

आता हे लिहिताना सोपं वाटतं. मी कोण हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. माझं आडनाव ठाऊक होतं, माझा वॉर्ड ठाऊक होता. याच गावात माझा बाप ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्याला होता. आणि इथं माझं नाक ज्या गिलासात गेलं त्याच गिलासाला पांडेजींचं तोंड लागायचं. पहिले काही रविवार पांडेजी हळूच रुमालानं काठ पुसायचे. तू बघायचास, मी बघायचो, डॉक्टर छताकडे बघायचे. मग एका रविवारी मी म्हणालो की या बाटलीला कापराचा वास येतोय, आणि तू शांतपणे म्हणालास, "बाटलीले नाही मास्तर, पांडेजीच्या रुमालाले येते. तुलना बिघडून राह्यली." पांडेजी जोरात हसले. रुमाल खिशात गेला तो परत निघाला नाही.

गिलास एकच का, हे मी तुला कधी विचारलं नाही. खरंच वासासाठी की माझ्यासाठी? विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, वासासाठी. आणि ते खोटंही नव्हतं, कारण मी घरी पितळी पेल्यात आणि काचेच्या पेल्यात पाणी ओतून हुंगून बघितलं होतं. फरक पडतो.

बर्बनचं पिंप तुझ्या डोक्यातून काही जाईना. आपल्याकडे मोहाची दारू आहे, आपल्याकडे लाकूड आहे, मग अडलंय कुठं? तू सुताराकडून सागाचं छोटं पिंप करून घेतलंस, आत निखारे फिरवलेस, कलालाकडून घेतलेली मोहाची भरलीस आणि वर्षभर कुणाला हात लावू दिला नाहीस. उघडलं तेव्हा मी हुंगून म्हणालो, "कपाट." तरी तुम्ही प्यायलात. पांडेजी म्हणाले, "भैया, ये तो पॉलिश है, इससे तो मेरी कुर्सी चमक जाएगी." मग तू बीजाच्या झाडाचं पिंप केलंस. बीजाच्या लाकडाचा पेला साखरेच्या रोग्याला पाणी प्यायला देतात हे तुला ठाऊक होतं, तरी केलंस. दारू लालभडक आणि काढ्यासारखी कडू निघाली, आणि डॉक्टरांनी ती औषध म्हणून दवाखान्यात मागितली. त्यानंतर तुझं नवं खूळ, मोहाची दारू मोहाच्याच लाकडात. मी म्हणालो, मोहाच्या झाडाला आपल्याकडे कुणी कुऱ्हाड लावत नाही. तू म्हणालास, पडलेलं झाड शोधतो. मी म्हणालो, आईच्या हाडात लेकरू मुरवणार काय? त्यावर तू मला मास्तरकी करू नको म्हणालास, आणि आपण तीन रविवार एकमेकांशी धड बोललो नाही. झाड तुला मिळालं नाही. मिळालं असतं तर काय निघालं असतं, मध की कपाट, हा आपला वाद तसाच राहिला. मी अजूनही कपाटच म्हणतो.

आणि पलीकडे, नव्या महाराष्ट्रात, दारूबंदी आली. गोंदिया कोरडं झालं आणि बालाघाट ओलं राहिलं. रविवारी सकाळच्या छोट्या लाइनच्या गाडीतून एरवी कधी न भेटणारे नातेवाईक तुला भेटायला येऊ लागले. त्यात तुझा साळा सखाराम आला, तो दिवस मी विसरू शकत नाही.

त्या दिवशी अमेरिकनाकडून आलेली बर्बन फोडली होती. सखाराम गोंदियाहून तहान घेऊन आला होता, बाटलीवरून त्याची नजर हलत नव्हती. गिलास माझ्याकडे आला. मी हुंगला, सांगितलं आणि पुढं केला. पुढं तोच बसला होता. त्यानं हात पुढं केला नाही.

"भाऊजी," तो तुला म्हणाला, "मले दुसऱ्या गिलासात द्या."

माझा हात तसाच लांबलेला. माधो, त्या क्षणी मला काय हवं होतं ते आज उघड सांगतो. मला वाटत होतं की तू भांडू नये. तू भांडला असतास तर मी तिथं भांडणाचं कारण झालो असतो, आणि पुढच्या रविवारपासून मीच यायचं बंद केलं असतं. घरी जाऊन आईला म्हटलं असतं, वेळ मिळत नाही. शाळेत असो की कचेरीत, माझं असं कितीतरी ठिकाणी जाणं बंद झालेलं होतं.

तू भांडला नाहीस. तू माझ्या हातातून गिलास घेतलास, त्यातली व्हिस्की सागाच्या भुशावर ओतलीस, बाटलीला बूच बसवलंस आणि म्हणालास, "गिलास एकच आहे सखाराम. मंग आज कोनालेच नाही. लाई खा."

आणि आपण लाई खाल्ली. पाच माणसं आणि मधे बूच लावलेली बाटली. पांडेजी लाकडाचे भाव, धानाचे भाव काढत होते. डॉक्टर डुलकी काढल्यासारखं करत होते. भुशातून कणसाचा वास येत होता आणि सखाराम तो नाक भरून घेत होता. त्याला काय वाटत असेल ते मला समजत होतं, कारण नुसत्या वासावर बसण्याची सवय मला होती, त्याला नव्हती. संध्याकाळची गाडी गाठायची वेळ झाली तसा तो उठला, उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"द्या," तो म्हणाला.

तू बूच काढलंस, ओतलंस आणि गिलास माझ्याकडे दिलास. घाई नाही, उपदेश नाही, चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नाही. मी हुंगला. सखारामकडे दिला. तो प्याला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हौ. मका आहे." त्याची गाडी चुकली. मी त्या दिवशी तुझ्याकडे बघत राहिलो आणि मला खरंच कळेना की हे माणसाला कसं जमतं. एक मोठा शब्द न काढता तू मला माझ्या जागेवर बसवून ठेवलंस.

आमच्या वॉर्डातली गोष्ट तर तू स्वतःच रंगवून सांगायचास, पण ती मी सांगतो तशी आहे. बातमी पोचली की मास्तर रविवारी दारूच्या अड्ड्यावर बसतो. पंचशील घेतलेला माणूस, लेकरांना शिकवणारा. जाणत्या मंडळींनी मला विहारासमोर बोलावलं. मी म्हणालो, मी पीत नाही, वास घेतो. सगळे हसले, माझी आईसुद्धा. कोण मानेल? हे तुला कुणी सांगितलं ते माहीत नाही, पण पुढच्या रविवारी संध्याकाळी तू स्वतः आलास साक्ष द्यायला. थेट डेपोतून, दोन स्कॉच आणि एक बर्बन पोटात घेऊन.

"मास्तरनं एक थेंब घेतला नाही," तू हात जोडून सांगितलंस. "मी खात्रीनं सांगतो. मी रोज पेतो, मले ओळखू येते."

म्हातारे-म्हाताऱ्या तोंडावर पदर-उपरणी घेऊन हसत होते. तुझ्या तोंडाचा वास लांबपर्यंत येत होता. पण तुझं बोलणं मानलं गेलं, कारण एवढा प्यालेला माणूस खोटं बोलायची शुद्ध ठेवणार नाही, असं आमच्या एका आजोबांनी ठरवलं. मग तुला तहान लागली. माझ्या आईनं लोटा आणला आणि दारातच थांबली. तिला काय करावं ते कळेना. तू तिच्या हातातून लोटा घेतलास, तोंडाला लावलास, गटागटा रिकामा केलास आणि आणखी मागितलास. आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

हे सगळं खरं आहे, म्हणूनच दुसरं सांगणं अवघड जातं. तुझ्या घरी मी कधी ओसरीच्या पलीकडे गेलो नाही. बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलो होतो तेव्हा वहिनींनी चहा पाठवला, आणि माझी कपबशी ओसरीच्या कोनाड्यातून आली आणि कोनाड्यातच गेली. मी बघितलं. मी बघितलं हे तू बघितलंस. त्यानंतर तू मला घरी ये म्हणाला नाहीस. डेपोत तू वाघ होतास, माधो, आणि घरी मला ओसरीवर बसवणारा माणूस. एकदा मी विचारलंच, "आपण तुझ्या घरी काहून नाही बसत?" तू म्हणालास, "तुझ्या वहिनीले दारूचा वास खपत नाही." मी हसलो, तूही हसलास आणि आपण विषय सोडला. मला तुझा राग यायचा. लग्नाकार्याच्या दिवशी यायचा, दिवाळीच्या फराळाच्या दिवशी यायचा. रविवारी येत नसे, कारण रविवारी गिलास आधी माझ्याकडे यायचा.

मग तुझ्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी तुझी दारू तोडली. ज्यांनी इतकी वर्षं सोबत चाखली त्यांनीच तोडली, म्हणून तू त्यांना दोन-चार शिव्या दिल्यास आणि ऐकलंस. आम्हाला वाटलं, रविवार संपले. तू म्हणालास, काहून संपतील, मास्तर बसतेच ना. गिलास माझ्याकडून तुझ्याकडे यायचा, तू हुंगायचास आणि पुढं द्यायचास. पहिल्यांदा तू तो न पिता पुढं दिलास. मी मान खाली घातली, मला बघवेना.

मग हिवाळ्यातल्या एका दुपारी तू गिलास नाकाशी धरलास आणि पुढं देईचनास. पांडेजी खाकरले, तरी देईनास. शेवटी माझ्याकडे वळून म्हणालास, "मास्तर, इतकं सारं होतं काय बे यात? मी पेत गेलो अन् हे सारं गिळून टाकलं." जरा थांबून म्हणालास, "मले वाटे तू उपाशी बसते आमच्यात. तुझी कीव येत होती मले."

तेव्हा राहून गेलं. आता बोलतो. मी एकाही रविवारी उपाशी उठलो नाही. शाळा, वॉर्ड, घर एवढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या नाकापुढं तू दूरदूरचे डोंगर, शेतं, आगी आणून ठेवल्यास. कितीतरी वेळा गिलास पुढं देताना माझ्या अंगावर काटा यायचा, एवढं मोठं जग आणि ते एवढ्याशा तळाशी. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण डॉक्टर आणि पांडेजी बघत होते आणि मला संकोच वाटला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. मी सवयीनं ओसरीवर बसायला गेलो.

"तिथं नोका बसू मास्तर," त्या म्हणाल्या. "आत या."

मी चपला काढल्या आणि आत गेलो. बैठक ओलांडून, देवघरासमोरून, तुझ्या खोलीत. तुझं घर आतून असं आहे होय, असं मनात आलं. वहिनींनी तुझं कपाट उघडलं. कपड्यांमागं बाटली होती, तळाशी थोडी उरलेली. झाकण उघडण्याआधीच मला कळलं ती कुठली.

"फेकाची होती," त्या म्हणाल्या. "पन म्हटलं, आधी तुमाले विचारावं. एवढी वर्षं काय पाह्याले जात होते तुमी लोकं रविवार-रविवार?" मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मास्तरले आत बसव, असं मले लय वेळा म्हटलं त्याईनं. मीच नाही म्हटलं. दारूचं नाव सांगितलं त्याईनं तुमाले, माह्या नावावर नाही येऊ देल्लं."

मी खाटेसमोरच्या खुर्चीवर बसलो. वहिनींनी स्वयंपाकघरातून गिलास आणला, रोजच्या वापरातला. मी थोडी ओतली आणि हुंगली, आणि जसं डेपोत सांगायचो तसं त्यांना सांगितलं. भाजलेलं कणीस आहे. गुळाची खरवड आहे. जळकं लाकूड आहे. वहिनींनी हात पुढं केला. मला वाटलं, गिलास घेऊन बाजूला ठेवतील. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"हा तं त्याईच्या सदऱ्याचा वास," त्या म्हणाल्या. "रविवारचा. मी भांडत होती यावरून." मग अगदी हळू म्हणाल्या, "अन् सोमवारी धुवाच्या आधी तोंडाशी धरत होती."

माधो, त्यांनी गिलास मला परत दिला नाही. त्या तो नाकाशी धरून तुझ्या खाटेवर बसल्या, आणि मी त्यांच्यासमोर, तुझ्या घरात, आत बसून राहिलो.